थांबलेल्या हवेतले विमान

एकदा एका गावी कागदाची इवली विमाने करणारे एक वृद्ध गुरुजी राहत. विमान नखाएवढे, आणि कागद असा पातळ की खालच्या तळहाताच्या रेषा त्यातून दिसाव्यात. श्रीरंग नावाचा एक गृहस्थ अकरा वर्षे त्यांच्याकडे शिकत होता. अशा विमानाला माणसाचा श्वासही सोसत नाही. म्हणून घडी घालताना तो श्वास रोखून धरी. भर उन्हाळ्यातही त्याच्या घरात पंखा लागत नसे. लहानग्या रेवतीने, त्याच्या मुलीने, खोलीत पाऊल टाकले की तो करवादे, "हलू नकोस! हवा हलते."

एका दुपारी त्याला मनाजोगते विमान साधले. गुरुजींना घरी बोलावून त्याने ते हातातून सोडले. विमान अलगद तरंगत खोलीभर फिरले. एक फेरी झाली, दुसरी झाली, तरी ते खाली येईना. गुरुजींचे डोळे भरून आले. मग ते उठले आणि त्यांनी पंख्याचे बटण दाबले.

विमान भिंतीवर आपटून चुरगळले.

"गुरुजी, हे काय केलंत! सात महिने खपलो मी याच्यासाठी!"

"विमान निर्दोष होतं," गुरुजी म्हणाले. "माझ्या हातून असं कधी झालं नाही. पण श्रीरंगा, ते उडतं कुठं? जिथं कुणी वावरत नाही तिथं. मीही घरात अशीच हवा राखली. मुलगा दूर निघून गेला. पत्नी अबोल झाली, आणि तशीच वारली. तुझं घर त्याच वाटेनं चाललंय, हे मला केव्हाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कारण तू येत होतास. दुसरं कुणी येत नव्हतं. विद्या दिली, सावध केलं नाही. हा माझा अपराध."

गुरुजी काठी टेकत निघून गेले. श्रीरंग आतल्या खोलीत आला. आता एकोणीस वर्षांची झालेली रेवती वसतिगृहात जाण्यासाठी बॅग भरत होती.

"रेवा, चल, दोघं मिळून एक विमान करू. तू म्हणशील तेवढं मोठं."

तिने ओढणीची घडी बॅगेत ठेवली.

"बाबा, मी आठ वर्षांची असताना हेच तर मागत होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर त्याला तिची समजूत तरी काढता आली असती.