ठकूआईनं राखलेला माळ

फार फार मागची गोष्ट. तेव्हा कोळदऱ्याला सडक नव्हती, जनावरांनी पाडलेल्या वाटाच होत्या. गावाबाहेर ठकूबाई धनगरीण एकटी राहायची. तिची एक पांढरी घोडी होती आणि घोडीचं महिन्याचं शिंगरू.

त्या साली दुष्काळ सरला, पाऊस झाला आणि माळावर हिरवं दिसू लागलं. ठकूबाईनं हरखून घोडी सोडली. दुपारी घोडी लाळ गाळत परतली, दारात बसली, ती उठलीच नाही. तिच्या दातांत एक पान अडकलं होतं. टोकाला शेपटीसारखं वळलेलं. ठकूबाईनं ओळखलं, विषारी कळलावी. गवत अजून बोटभरच होतं. कळलावीचा कंद मात्र दुष्काळातही जमिनीखाली जिवंत राहिला होता, म्हणून तीच आधी वर आली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाची जनावरं माळावर सुटणार होती. उजाडताच ठकूबाई वेशीत आडवी उभी राहिली. पाटलांनी आधी समजावलं, मग दरडावलं. जनावरं भुकेनं मरताहेत आणि तू वाट अडवतेस, म्हणाले.

"भुकेली हायेत म्हणूनच अडवतीया, पाटील," ती म्हणाली. "पोट भरलेलं जनावर निवडून खातं. भुकेलं समोर दिसंल ते खातं. माझी घोडी काल अशीच गेली. मला आजचा दिवस द्या."

पाटील तिच्या दारापर्यंत गेले, घोडी पाहिली आणि घरून खुरपं घेऊन आले. त्यांच्यामागे सारं गाव माळावर चढलं.

असं म्हणतात, पोरकं शिंगरू सगळ्यांच्या पुढं चाललं. ते जिथं थांबून फुरफुरायचं, तिथं कळलावी निघायची. असं म्हणतात, ठकूबाईनं गुडघ्यांवर सगळा माळ पालथा घातला, आणि तिचे गुडघे टेकले तिथला मुरूम लोण्यासारखा मऊ झाला. शेवटचा कंद निघेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला नाही, असंही म्हणतात. उपटलेलं सगळं खोल खड्ड्यात पुरलं.

दुसऱ्या सकाळी ठकूबाईनं घोडीसाठी राखलेला कडबा प्रत्येक जनावराला थोडा थोडा घातला आणि मगच वाट सोडली.

संध्याकाळी गाव वेशीत उभं होतं. एकेक गाय, एकेक बैल रवंथ करत आत आला. सगळी आली. मग ठकूबाई तिथंच खाली बसली आणि घोडीसाठी पोटभर रडली. तिचं रडणं थांबलं तेव्हा पाटलांची गाय शिंगराला आपणहून पाजत होती, असं म्हणतात.

आजही कोळदऱ्यात माळ उघडण्याआधी घरटी एक माणूस खुरपं घेऊन जातं. जनावरांना आधी सुका चारा घालतात. मग गावातली सर्वांत म्हातारी बाई वेशीत उभी राहून विचारते, "ठकूआई, माळ बघितला. सोडू का?"

मग ती वाटेतून बाजूला होते. आणि जनावरं सुटतात.