उपद्रव कशाला म्हणावे

जहागीरदार आबासाहेबांची सून बाळंतपणानंतर तापाने फणफणली होती. राजवैद्य त्र्यंबकशास्त्री आले आणि त्यांनी तिचे अन्नपाणी तोडले. तीन दिवसांत ती इतकी खंगली की तिला कूस बदलता येईना. तेव्हा तुळसा सुईणीने तिला गुपचूप पेज पाजली.

शास्त्रीबुवांना हे कळताच त्यांनी तुळसाला भर सदरेवर उभे केले. "ही अडाणी बाई रोग्याला हात लावते, सरकार. लक्षण म्हणजे काय आणि उपद्रव म्हणजे काय, एवढे तरी सांगू दे. नाहीतर गावाबाहेर घालवा."

"आजार आपल्याबरोबर घेऊन येतो ते लक्षण," तुळसा म्हणाली. "आणि आजारामागून येऊन रोग्याला आणखी खाली ओढतो तो उपद्रव. चाळीस वर्षं वैद्यांसाठी काढे उकळतेय, एवढं कानावर पडलंय."

"पोपटपंची," शास्त्रीबुवा म्हणाले. "आता सूनबाईंच्या दुखण्यात लक्षण कोणते आणि उपद्रव कोणता, ते सांग."

"ताप सोमवारी आला, बुवा. तुम्ही मंगळवारी आलात."

सदर हसली. आबासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी शास्त्रीबुवांची पालखी मागवली आणि तुळसाला आत पाठवले.

पंधरवड्याने सून अंगणात चालू लागली. तो गुण आपल्याच लंघनाचा, असे शास्त्रीबुवा जन्मभर सांगत राहिले.