रावसाहेबांची सही

बाबा गेल्यावर त्यांची जुनी जीप तेवढी मागे राहिली होती. ते दरवर्षी दोघींना घेऊन ज्या पठारावर तंबू ठोकायचे, तिथं एक रात्र काढायला शाल्मली आणि आई निघाल्या. पायथ्याच्या वाडीत तिथले पुढारी रावसाहेब यांनी त्यांना अडवलं.

"जीप इथं सोडून वर जाताय? सकाळी चाकं दिसायची नाहीत. किल्ली माझ्याकडे द्या. माझ्या दोन फेऱ्या होतील, राखणही होईल." मग टपरीवरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या खोऱ्यात मला विचारल्याशिवाय पान हलत नाही."

आईचा चेहरा उतरला. शाल्मली परक्यांशी कधी बोलत नसे. तिनं शेजारच्या वनचौकीतली वही उघडली. वर जाणारा प्रत्येकजण तीत नाव आणि गाडीचा नंबर लिहीत असे. नंबरापुढे तिनं सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं, "इथं रावसाहेबांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. चाक गेलं, तर तेही त्यांना विचारूनच गेलं असेल." मग पेन पुढे केलं. "काका, सही करता?"

टपरीवरचे सगळे बघत होते. सही करावीच लागली.

सकाळी जीप जशीच्या तशी होती. शेजारी रावसाहेब खुर्ची टाकून बसले होते.

"पोरी, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या."

"आमच्याही," ती म्हणाली. "तंबू तिघांचा होता."