लाल काठाच्या टोपल्या

लहानथोरहो, ऐका. राजाचं धान्य खळ्यावरून कोठारात डोक्यावरच्या टोपल्यांनी जाई, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

त्या राज्यात कोंडाजी नावाचा बुरूड होता. त्याच्या अंगणात पंधरा-वीस माणसं बांबू चिरत आणि टोपल्या विणत. प्रत्येक टोपलीच्या काठात तो बांबूची एक लाल कामटी घाली, म्हणजे माल कुणाचा ते लांबूनच कळे. राजाच्या कोठाराला टोपल्या पुरवण्याचा मान आजोबांपासून त्याच्याच घरात होता.

त्या घराचा एक नियम होता. मोडकी टोपली अशुभ, ती उंबरठ्याच्या आत यायची नाही. कुणी तसली टोपली घेऊन दारात आलं, की कोंडाजी खेकसे, "ती आधी लांब टाक! नवी हवी असेल तर बोल."

वेशीपलीकडे हौसा नावाची बुरडीण राहायची. तिच्या हाताखाली जेमतेम चार माणसं. पण एका सुगीला तिने दुहेरी काठाची टोपली बाजारात आणली आणि तिच्यापुढे झुंबड उडाली. कोंडाजीच्या पोटात दुखू लागलं. काल आलेली ही बाई आपल्या तोंडचा घास काढणार, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

त्याने गुपचूप तिची टोपली आणवली, एकेक कामटी उसवून पाहिली आणि तशाच टोपल्या केल्या. पुढच्या सुगीला पाहतो तर हौसाच्या टोपलीला बसकं, रुंद बूड आलेलं! त्याने तेही उचललं. तोवर तिच्या टोपलीला धरायला कान फुटले होते. दुसरीच्या टोपल्या उसवता उसवता त्याला स्वतःचं काही सुचायचंच बंद झालं.

बायको एकदा वैतागून म्हणाली, "अहो, हौसाचं नाव घेता तेवढं देवाचं घेतलं असतंत, तर एव्हाना देव दारात उभा राहिला असता."

अखेर कोठाराच्या कारभाऱ्याने दोघांच्या टोपल्या मागवल्या. ज्याची टिकेल, त्याला मान. दोन्ही टोपल्या जोंधळ्याने भरून हमालांच्या डोक्यावर चढवल्या. कोंडाजीची टोपली हौसाच्या गेल्या वर्षीच्या टोपलीसारखी हुबेहूब होती. कोठाराच्या पायऱ्या चढताना हमालाने धरलेला तिचा कान निखळला, टोपली कलंडली आणि सगळा जोंधळा खाली सांडला. हौसाने यंदा कानाची कामटी बुडाखालून ओवून वर आणली होती. तिची टोपली जागची हलली नाही.

"आजपासून मान हौसाबाईंचा," कारभारी म्हणाला.

कोंडाजीच्या अंगाचा भडका उडाला. ही बाई नक्की काहीतरी करणी करते, असं ठरवून तो तडक तिच्या अंगणात शिरला. तिथे मोडक्या टोपल्यांचा हा एवढा ढीग!

"हा कसला उकिरडा?" त्याने विचारलं.

"बसा दादा," हौसा म्हणाली. "लोक मोडक्या टोपल्या आणून देत्यात. कुठं मोडली, आत काय भरलं व्हतं, डोक्यावर नेली का कमरेवर, समदं इचारून घेते. जिथं मोडली तिथंच काहीतरी नवं करून बघते."

कोंडाजीने एक टोपली उचलली. काठ लाल. दुसरी उचलली, तोही लाल. तिसरीला दुहेरी काठ होता, हौसाकडूनच चोरलेला, आणि त्यातही लाल कामटी.

"ह्या तर... माझ्या!"

"व्हय. तुमच्या दारातनं परत धाडलेल्या," हौसा म्हणाली. "दुसरं कोण देणार मला इतक्या?"

कोंडाजीला आता सगळं उमगलं. ज्या हुशारीवर तो इतकी वर्षं जळत होता, ती त्यानेच दाराबाहेर फेकलेल्या टोपल्यांतून उगवली होती. त्याला लाज वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा राग आला तो स्वतःचा.

"यातली एक नेऊ का?" त्याने हळूच विचारलं.

"न्या की. तुमचीच हाय."

मोडकी टोपली छातीशी धरून तो घरी आला. उंबरठ्यापाशी क्षणभर थांबला. कामकऱ्यांचे हात थांबले, बायको दारात आली. मग कोंडाजीने पाय उचलला आणि टोपली आत आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"ही इथंच का मोडली, सांगा बरं," तो म्हणाला.

कोठाराचा मान पुन्हा काही त्याच्या घरी आला नाही. पण पुढच्या सुगीला त्याने बाजारात जी टोपली आणली, तशी हौसाकडेही नव्हती.

तात्पर्य: दुसऱ्याच्या यशावर जळणाऱ्याच्या हाती फक्त नक्कल लागते, नवं काही सुचतं ते स्वतःच्या चुका घरात घेणाऱ्यालाच.