इनासचा सांधा

तुम्ही ज्यावर उभे आहात तो उंबरखारचा बांध. डावीकडे खाडी, उजवीकडे आमची भातशेती, आणि मध्ये एवढाच मातीचा उंचवटा. बांधाच्या बरोबर मधोमध जो फुगवटा दिसतो, पोटुशी बाई आडवी झोपल्यासारखा, त्याला इनासचा सांधा म्हणतात. त्यावर चपला घालून चढू नका. बाजूला काढा, मग या. देऊळ बघायला जाताना काढता ना, मग इथेही काढा.

ही गोष्ट फार जुनी. तेव्हा फिरंग्यांचं राज्य होतं की बुडून गेलं होतं, यावर आमच्यात अजून भांडणं होतात. गावाने बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, एवढं मात्र सगळे मान्य करतात. पाद्रीबाबा खाडीपलीकडून होडीने यायचे, तेही सणासुदीला. म्हणजे कपाळावर पाणी पडलं होतं, पण आतली भीती होती तिथेच होती. ती काही एका घागरीने धुतली जात नाही.

बांध तेव्हा दोन आळ्यांत वाटलेला होता. या टोकापासून मध्यापर्यंत वरची आळी, मध्यापासून त्या टोकापर्यंत खालची. ज्याने त्याने आपला भाग लिंपायचा. आता मला सांगा, मधला सांधा कोणाचा? वरचे म्हणत खालच्यांचा, खालचे म्हणत वरच्यांचा. दोन्हीकडची माती तिथपर्यंत येऊन थांबायची, एकमेकीला टेकायची, पण एकजीव व्हायची नाही. उधाण आलं की बांध फुटायचा तो नेमका तिथेच. मग दोन्ही आळ्या खाडीला शिव्या द्यायच्या.

अशात वरच्या आळीच्या मिंगेलची मुलगी इनास आणि खालच्या आळीतल्या कातरिनचा मुलगा बास्त्याव यांचं लग्न झालं. आळी ओलांडून झालेलं ते पहिलंच लग्न, असं सांगतात. मिंगेल मुलीला देवळात, पाद्रीबाबांपुढे, घेऊन आला, पण जेवायला थांबला नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात, लावणी उरकल्यावर, सांधा फुटला. खारं पाणी आत आलं आणि कोवळं भात उभ्याउभ्या जळालं. लोक उघाडीपाशी जमले. भरतीला आवरणारी आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडणारी ती दारं, त्यांची राखण म्हातारा सिमाव करायचा. गावात सगळ्यांत वयाने मोठा तोच.

सिमाव म्हणाला, "माझ्या आजाने सांगून ठेवलंय. बांध असा फुटत राहिला की तो माणूस मागतो. पहिलटकरीण मागतो."

इनासला तेव्हा दिवस गेले होते. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिचा बाप मिंगेल तेवढा खाली चिखलाकडे बघत राहिला.

कातरिन पदर खोचून पुढे झाली. "सुनाच हव्या असतील तर सिमाव, तुझी बायको दे की. तीही या गावची सूनच."

"तिला बांध परत पाठवील," मागून कोणीतरी बोललं. थोडे लोक हसले, पण ते हसू लगेच विरलं.

"मी मागत नाही, कातरिन. बांध मागतोय," सिमाव म्हणाला. "बास्त्याव, पोरा, तू तरणा आहेस. तुला दुसरी मिळेल. गावाला दुसरी जमीन मिळणार नाही."

बास्त्याव इनासच्या शेजारी येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "आबा, पाद्रीबाबांपुढे मी शब्द दिला तेव्हा तुम्ही पहिल्या बाकावर होता. सुखात आणि दुःखात, असं म्हणालो मी. उधाण आलं तर सोडीन, असं म्हणालो नाही. मला अडवायचं तर तेव्हाच अडवायचं होतं."

आणि इनास जे बोलली ते आमच्याकडे पोरासोरांना पाठ असतं. ती म्हणाली, "आबा, एकाने जीव दिलाय. सगळ्यांसाठी दिलाय. त्याच्यापुढे दर रविवारी गुडघे टेकता ना तुम्ही? तो पुरला नाही, असं एकदा तोंडाने म्हणा. मग मी आपल्या पायांनी बांधात उतरते."

कोणाला ते म्हणता येईना. आणि मागणीही सोडवेना. शेवटी सिमावने तोड काढली. पुढच्या अवसेच्या उधाणापर्यंत सांधा तुम्ही दोघांनी बांधा. टिकला तर तुमचा देव खरा. फुटला, तर बांध जे मागतोय ते त्याला मिळेल, मग कोणी मध्ये पडायचं नाही.

दोघं कामाला लागली. मदतीला कोणी गेलं नाही, कारण जो पाटीभर माती टाकील त्याच्या गळ्यात सांधा पडेल, ही धास्ती. त्या दोघांनी काय केलं बघा. भोक नुसतं बुजवलं नाही. आधी दोन्ही बाजूंचा चांगला बांध मागे तोडला, पायऱ्या पाडल्या, म्हणजे नवी माती जुनीत घुसून बसावी. हे बघून दोन्ही आळ्या खवळल्या. आमचा धड भाग का खोदता? पण आपलं थोडं तोडून घेतल्याशिवाय सांधा जुळत नाही. ते संसारातसुद्धा तसंच आहे, हे लग्न झालेल्यांना वेगळं सांगायला नको. बास्त्याव चिखल खणायचा, इनास पायांनी तुडवून बसवायची, आणि दर थरावर दोघं हात धरून 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची.

अवस आली. भर दुपारी उधाण चढलं. वारा खाडीकडून, पाऊस आडवा. नवी माती अजून ओलीच होती. दोघं शेताच्या बाजूने सांध्याला पाठ लावून उभी राहिली, हात हातात, तोंड गावाकडे. पाणी मागे चढत होतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं. गावाला दिसत होतं.

पाणी बांधाच्या काठाला आलं. मग म्हणे ते काठाच्या वर चढलं, चांगलं वीतभर, आणि तिथेच उभं राहिलं. एक थेंब अलीकडे आला नाही. दोघांच्या डोक्यामागे खाडी भिंतीसारखी उभी, तिच्यातले मासे दिसत होते असं सांगतात. तुम्ही म्हणाल, वारा पडला असेल. असेलही. वारा कोणी पाडला, एवढंच मी विचारीन. सिमावने डोक्यावरचं फडकं काढलं आणि चिखलात गुडघे टेकले.

लोकांतून पहिला हलला तो मिंगेल. पाटी भरून घेऊन तो वरच्या बाजूने आला. खालच्या बाजूने कातरिन आली. दोघांनी एकमेकांकडे न बघता माती सांध्यावर ओतली आणि चार हातांनी थापली.

"बाबा," इनास म्हणाली.

"बोलू नकोस. उभी राहा," मिंगेल म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं, असं सांगतात.

मग दोन्ही आळ्या धावल्या. ओहोटी लागेपर्यंत सांध्यावर इतकी माती पडली की त्याला हा फुगवटा आला. तो पुढे कोणी सपाट केला नाही. आणि सांधा कोणाचा, हे भांडण त्या दिवशी मिटलं. तो त्या त्या वर्षीच्या नव्या जोडप्याचा.

आजही आमच्याकडे लग्नाचा विधी झाला की नवरानवरी घरी जाण्याआधी इथे येतात. एक पाटी दोघांनी दोन बाजूंनी धरायची, ओला चिखल सांध्यावर ठेवायचा आणि 'आमच्या बापा' म्हणायचं. शालू खराब होतो. होऊ दे. आणि आजही मोठ्या उधाणाला गावातली माणसं जोडीजोडीने येतात, खाडीला पाठ करून, हात धरून बांधाच्या कडेने उभी राहतात. ज्याचं माणूस देवाघरी गेलंय तो आपल्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडतो. तिथे कोणी सरकून उभं राहत नाही. वर्षागणिक अशा मोकळ्या जागा वाढतात. माझ्या शेजारीही एक आहे. पाणी त्या जागेतून कधी आत आलेलं नाही.