ठकूबायचा बांध

या खारबांधावरून चालत निघालात की मध्यावर एका जागी तो पोटासारखा फुगलेला दिसेल. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती. ती वीस पावले गावातले कोणी चपला घालून चालत नाही. तुम्हीही हातात घ्या. खाली पाच माणसे आहेत, असे सांगतात.

पणजोबांच्याही पणजोबांच्या वेळची गोष्ट. भादव्याच्या अमावास्येचे उधाण वादळवाऱ्यासकट आले आणि बांधाला इथे खांड पडली. त्या भगदाडातून खारे पाणी शेतात शिरले की पुढची कैक वर्षे दाणा नाही. म्हणजे गाव उठलेच. पाच जवान गडी छातीभर पाण्यात उतरले, काठ्या विणून केलेले कुडाचे ताटवे खांडीत लावून पाठीने रेटत उभे राहिले. त्यांत ठकूबायचा पोशा होता. नवरा गेल्यावर लोकांच्या शेतांत लावणी करून तिने हा एकुलता एक मुलगा वाढवला होता.

खाडीच्या अंगाला दगडांनी भरलेली मोठी होडी, मचवा, दोराने बांधून ठेवला होता. दोर तोडला की पाण्याच्या ओढीने तो खांडीत जाऊन बसणार. कुऱ्हाड घेऊन दोराशी उभा होता ठकूबायचा धाकटा भाऊ जोमा. गडी वर आले की मग तोडायचा, असे ठरले होते. पण ताटवे सोडले असते तर खांड मचव्याहून रुंद झाली असती. दोन्हीकडून माती ढासळू लागली तेव्हा पंच ओरडले, "तोड." मग बाकीचेही ओरडले. पोशाने वर मामाकडे पाहिले, म्हणे. जोमाने दोर तोडला.

पाणी थांबले. भात वाचले. प्रेते काढायची तर मचवा हलवावा लागला असता, म्हणून दिवस मावळायच्या आत वर माती लोटली. पाचांतल्या एकाची बायको, काशी, फावडे घेऊन उकरायला धावली. तिला हात बांधून घरी नेले.

दुसऱ्या दिवशी पंच म्हणाले, "आम्ही थांब म्हणत होतो." कोणी त्यांना खोटे पाडले नाही. जोमाला वाळीत टाकले, त्याचे पाणी बंद केले. त्याची बायको पोरांना घेऊन माहेरी निघून गेली.

मयताच्या घरी शेजाऱ्यांनी अन्न न्यायचे असते. पण 'तोड' म्हणून ओरडलेल्यांपैकी कोणी त्या दारांत पाय ठेवायला धजेना. तेव्हा ठकूबाय उठली. सुतकात देऊळ चढता येत नाही, म्हणून गावदेवीला तिने रस्त्यावरूनच हात जोडले. कणगीतले तांदूळ काढून टोपभर पेज शिजवली आणि बाकीच्या चारही घरी नेली. काशीचे हात तिनेच सोडले, तिचे केस विंचरले.

"गावदेवीनं ओटी पसरली, तिच्यात पाचही जण हायेत," ती म्हणाली. "माझा पोशा तुझ्या माणसाच्या बाजूलाच हाय. एकटा नाय तो."

हे ती समजूत घालायला म्हणत नव्हती. तिचा तसा विश्वास होता.

शेवटचा वाडगा ती जोमाकडे नेई. तो भिंतीकडे तोंड करून बसलेला असे.

"बाय, तो माझ्याकडं बघत होता."

"माणूस आपल्या माणसाकडंच बघतं. खा."

काशीच्या सासऱ्याला हे कळले. "त्याच्या दारात जाणार असशील तर आमच्याकडं येऊ नको," तो म्हणाला.

"दोर त्यानं तोडला," ठकूबाय म्हणाली. "तोड म्हणून कोण कोण ओरडलं, तेही मी ऐकलंय. त्यांतल्या काहींच्या घरी मी पेज आणतेच हाय."

पोटचा पोर पाण्यात असताना म्हाताराही ओरडला होता. त्याने वाडगा पुढे केला.

असे बारा दिवस चालले. तेराव्या दिवशी ती आली नाही. घराघरांत लोक वाट बघत बसले. आज ठकूबाय विसरली, असेही कोणी कुरकुरले. शेवटी जोमाच गेला, ज्याला घराबाहेर पडायची बंदी होती. भरलेल्या पाच वाडग्यांत पेज निवून गेली होती आणि ठकूबाय चुलीशेजारी कुशीवर पडली होती. अंग थंड झाले होते. कणगी पालथी घातली तर मूठभर तांदूळ निघाले नाहीत. सहावा वाडगा त्या घरात कुठे मांडलेलाच नव्हता. तेरा दिवसांत तिला जेवलीस का म्हणून एकानेही विचारले नव्हते, जोमानेसुद्धा नाही.

त्याने चारही घरांना हाक मारली. सगळी आली. अग्नी जोमाने दिला, आणि कोणी आडवे आले नाही. काशीने म्हणे त्या थंड पेजेची एक पळी मेलेल्या ओठांना लावली. ती ओघळून गेली.

आजही या गावात मयताच्या घरी शेजारीण पेज घेऊन येते, तेव्हा पेज लगेच वाढली जात नाही. ज्याचे माणूस गेले तोच उठतो, पहिली पळी भरतो आणि आणणाऱ्या बाईच्या तोंडाशी धरतो. तिने गिळल्याचे बघूनच मग घरातले जेवतात. ती नको म्हणाली तरी ऐकत नाहीत.