वाळूवरची पाल

एकदा एका जाणकार शिष्याने एका नवख्या माणसाला एकाच ओळीत गप्प केले. त्या ओळीत खोटे असे काही नव्हते. तरीही ती त्याला फार महागात पडली. कशी, ते सांगतो.

शिष्याचे नाव हृषीकेश देवरे. वय अठ्ठावीस. नाशिकच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करण्याचे काम तो करीत असे. पण त्याचे खरे मन घरातल्या मागच्या खोलीत होते. तिथे भिंतीला लागून काचेच्या पेट्या मांडलेल्या होत्या आणि त्यांत अकरा पाली होत्या. या आपल्या भिंतीवरच्या पाली नव्हेत. आपल्याकडचे रानातले सरपटणारे प्राणी घरात ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. या होत्या आफ्रिकेतल्या, जाड शेपटीच्या, रीतसर नोंदणी केलेल्या. हौशी मंडळी त्यांना फॅटटेल म्हणतात. हा प्राणी शेपटीत चरबी साठवतो, त्यामुळे शेपटी गुबगुबीत असली की प्रकृती ठीक आहे असे समजतात. हृषीकेशने सहा वर्षांत त्यांची तीन वेळा पैदास केली होती. त्याच्याच हातांवर अंड्यातून बाहेर आलेली पहिली मादी कस्तुरी. तिच्यावर त्याचा विशेष जीव होता.

हे सारे तो शिकला भालचंद्र पगारे यांच्याकडून. पगारे एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत चौतीस वर्षे साहाय्यक होते. निवृत्तीनंतर त्यांनी मराठीतून बोलणाऱ्या हौशी लोकांसाठी मोबाइलवर एक ग्रुप सुरू केला, 'सरीसृपस्नेही' नावाचा. चारेकशे सभासद झाले. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जावे लागले, आणि डॉक्टरांनी पंधरा-वीस दिवस मोबाइलला हात लावायचा नाही असे बजावले, तेव्हा ग्रुपची जबाबदारी त्यांनी हृषीकेशवर सोपवली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी एका नव्या सभासदाने एक छायाचित्र टाकले. वाळूवर बसलेली एक फॅटटेल पाल, शेपटी सुकलेली. खाली लिहिले होते, "नमस्कार. माझी पाल खात नाही हो. बारीक होत चालली. काय करू."

हृषीकेशला सर्वांत आधी दिसली ती वाळू. या पालींना वाळूवर ठेवू नये, ती पोटात जाते, हे त्याने ग्रुपवर निदान वीस वेळा लिहिले होते. तो वैतागला. त्याने उत्तर दिले, "प्राणी आणण्याआधी चार ओळी वाचायला शिका. वाळूवर ठेवलेली पाल खाणार नाही, मरणार."

साठ-सत्तर जणांनी त्याखाली हसरे चेहरे टाकले. एकाने लिहिले, "दादा, एक घाव दोन तुकडे!" दुसऱ्याने त्या नवख्याला समुद्रकिनारा उघडायचा सल्ला दिला. अर्ध्या तासाने ते छायाचित्र नाहीसे झाले, आणि तो माणूसही ग्रुप सोडून गेला. हृषीकेशला त्याचे काही वाटले नाही. प्राण्याचे हाल करणाऱ्याला सुनावलेच पाहिजे, असे त्याचे प्रामाणिक मत होते.

पुढच्या गुरुवारी हृषीकेशकडे एक नवा नर आला. अंगावर रुंद चॉकलेटी पट्टे, फार देखणा. पुण्याच्या बाजूला पैदास करणाऱ्या एका गृहस्थांकडे त्याने तो कितीतरी महिन्यांपासून सांगून ठेवला होता. नवा प्राणी तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा, त्याचे खाऊ घालायचे चिमटे आणि भांडी वेगळी असावीत, हा नियम हृषीकेश सर्वांना ऐकवीत असे. पण नर खात होता, टुणटुणीत होता, आणि विणीचा हंगाम सरत चालला होता. दहाव्या दिवशी त्याने तो कस्तुरीच्या पेटीत सोडला.

नानांच्या डोळ्यांवरची बंदी उठली, तेव्हा त्यांनी मागे राहिलेले सगळे निरोप सुरुवातीपासून ओळीने वाचून काढले. रविवारची ती ओळही वाचली.  दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. त्याचा मथळा होता, 'माझ्या हातून मेलेले प्राणी'. खाली एकोणीस नोंदी होत्या.

"इग्वाना. वर्षभर नुसती काकडी आणि टोमॅटो घातले. हाडे मऊ होऊन गेला. मी समजत होतो की त्याला आवडते तेच चांगले."

"परदेशी साप, कॉर्न स्नेक. पेटीचे झाकण नीट लावले नाही. जानेवारीत न्हाणीघरात गारठून मेलेला सापडला. तीन दिवस मी घरच्यांवर संशय घेतला होता."

"फॅटटेल, मादी. वाळूवर ठेवली होती. तेव्हा माझी नोकरीची चोवीस वर्षे झाली होती."

अशा एकोणीस. शेवटी एवढेच, "आणखी आठवल्या तर लिहीन. कुणाला काही विचारायचे असेल, कसेही, कुठल्याही शब्दांत, तर मला विचारा."

 ज्या माणसाला सारे जण देवासारखे मानत, त्याने हे काय आरंभले, कुणाला कळेना. संध्याकाळी कारखान्यातून सुटताच हृषीकेश थेट नानांच्या घरी गेला.

"नाना, हे काय करून बसलात?"

"का रे? खोटं आहे का त्यातलं काही?"

"खोटं नाही हो. पण लोक तुम्हाला मानतात. आता उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, यांनीच एकोणीस मारले, हे आम्हाला काय शिकवणार!"

"म्हणू दे."

"पण का? कुणी मागितलं होतं?"

नानांनी डोळ्यात थेंब घातले आणि काही वेळ डोळे मिटून बसले. "दोन दिवस थांब," ते म्हणाले. "चहा घेणार का?"

दोन दिवसही लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याच्या शालिनी बोरसे यांनी ग्रुपवर लिहिले. या बाई दोन वर्षे सभासद होत्या, पण त्यांनी कधी अवाक्षर काढले नव्हते. "नाना, तुमचं वाचून धीर आला म्हणून लिहिते. माझ्या दोन पालींच्या शेपट्या महिन्याभरापासून सुकताहेत. मी कागदावरच ठेवते, वाळू नाही. विचारणार होते, पण मागे एकांना जे उत्तर मिळालं ते बघून गप्प बसले." रात्रीपर्यंत जळगावच्या एकाने आणि संगमनेरच्या एकाने तेच लिहिले. नानांनी प्रत्येकाला एकच प्रश्न केला, पाल आणली कुठून? तिघांचेही उत्तर एक निघाले. पुण्याच्या बाजूचे ते गृहस्थ, आणि त्यांच्याकडची एकाच वेळची पिल्ले.

हृषीकेशने ते वाचले आणि तो उठून मागच्या खोलीत गेला. त्याचा नर त्याच घरातून आलेला होता.

सकाळी तो रजा टाकून पशुवैद्याकडे गेला. विष्ठेची तपासणी झाली. आतड्यात राहणारा एक सूक्ष्म परजीवी सापडला. हौशी लोक त्याला क्रिप्टो म्हणतात. तो विष्ठेतून पसरतो, चिमट्यांवरून आणि भांड्यांवरून एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातो, आणि त्याच्यावर खात्रीचा इलाज नाही. नर वरून टुणटुणीत दिसत होता, पण रोग त्याच्यात होता. पुढच्या महिन्याभरात आणखी पाच पालींमध्ये तो निघाला. त्यांतली एक कस्तुरी. वैद्यांनी समजावले की झुरून मरण्यापेक्षा इंजेक्शन देऊन शांतपणे सोडवलेले बरे. हृषीकेशने तिला स्वतः धरून ठेवले. सहाही प्राणी गेले. पुण्याच्या त्या गृहस्थांना कळवले तेव्हा तेही हादरले. त्यांनी विक्री थांबवली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन केले.

सहा पेट्या उरल्या. त्या उकळत्या पाण्याने धुऊन हृषीकेश नानांकडे आला.

"त्या रविवारच्या माणसाची पालही तिथलीच असेल का रे?" नानांनी विचारले.

"असेल."

"तू विचारलं नव्हतंस?"

"नाही. वाळू दिसली आणि मी बोलून मोकळा झालो." मग तो म्हणाला, "नाना, नर त्यानंतर चार दिवसांनी आला. विचारलं असतं तर मी तो घरात घेतलाच नसता."

नानांनी मान हलवली. मग ते सावकाश बोलू लागले.

"तू लिहिलंस ते चुकीचं नव्हतं. वाळू वाईटच. पण ऐक. मी प्रयोगशाळेत होतो तेव्हा आमच्याकडे एक प्राध्यापक होते, फार विद्वान. एखाद्या विद्यार्थ्याकडून काचेचं भांडं फुटलं की ते त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करायचे आणि त्याची अशी काही टर उडवायचे की वर्ग लोटपोट व्हायचा. परिणाम काय झाला? भांडी फुटायची तेवढीच फुटत राहिली. फक्त मुलं सांगेनाशी झाली. तुकडे बेसिनमागे लपवायची. आणि हात कापायचा तो भलत्याच मुलाचा, किंवा माझा. त्यांच्यानंतर एक बाई आल्या. भांडं फुटलं की त्या विचारायच्या, कुणाला लागलं नाही ना? एवढंच. त्यांच्या काळातही भांडी फुटलीच. पण बेसिनमागे हात घालायला मला कधी भीती वाटली नाही."

मग त्यांनी पुढे सांगितले.

"नवखा माणूस चुकीचंच विचारणार. बरोबर विचारता आलं असतं तर त्याला आपली गरज कशाला पडली असती? पण त्याच्या त्या चुकीच्या प्रश्नात बातमी असते, हृषी. आपण चूक तेवढी उचलतो आणि बातमी टाकून देतो. आणि त्याला हसलो की बघणारे बाकीचेही आपापली बातमी पोटात ठेवतात. मी माझे एकोणीस मांडले ते मोठेपणा दाखवायला नव्हे. इथे चुकलेल्या माणसाला जागा आहे, हे त्यांना दिसायला हवं होतं. आणि ते मी नुसतं सांगून कुणाला पटलं नसतं."

हृषीकेशने त्या रात्री ग्रुपवर आपले सहा प्राणी लिहिले. नर दहा दिवसांत पेटीत सोडला, हेही लिहिले. मग त्याने पुण्याच्या गृहस्थांकडून त्या रविवारच्या माणसाचा पत्ता मिळवला आणि पुढच्या सुट्टीला तो येवल्याला गेला.

त्या माणसाचे नाव रमाकांत भांडगे. वय पन्नाशीच्या पुढे, पैठणी विणण्याचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत माग होता आणि मागावर अर्धा विणलेला जांभळा पदर. हृषीकेशने आपण कोण ते सांगितले. भांडग्यांनी खुर्ची पुढे केली आणि आत चहाचे सांगितले.

"पाल गेली हो," ते म्हणाले. "नंतर आठ-दहा दिवसांत."

"मी माफी मागायला आलोय," हृषीकेश म्हणाला. "मी तसं लिहायला नको होतं."

"तुमचं बरोबरच होतं, सर. वाळू वाईट असते ते मला नंतर कळलं. पण काय आहे, ही सगळी माहिती इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही. मराठीत विचारायला तेवढीच एक जागा होती." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणे अधिक कठीण गेले.

बोलता बोलता भांडगे उठले आणि कोनाड्यातून एक वही काढून घेऊन आले. रेशीम आणि जर तोलायच्या लहानशा काट्यावर त्यांनी आपल्या पालीचे रोज वजन केले होते. तारीख, वजन, किती किडे खाल्ले, विष्ठा कशी होती. एकही दिवस सुटलेला नव्हता. हृषीकेशने सहा वर्षांत असे टिपण एकदाही ठेवले नव्हते. तो पाने उलटत राहिला. वजन तिसऱ्या दिवसापासूनच उतरत होते.

"भांडगेदादा," त्याने विचारले, "वाळू कधी घातलीत?"

"दुसऱ्या आठवड्यात. ती खाईना म्हणून इथला दुकानवाला म्हणाला, वाळू घालून बघा."

हृषीकेशने वही मिटली. वाळूने ती पाल मेली नव्हती. वाळू येण्याआधीच ती मरू लागली होती, आणि हे सांगू शकणारा एकमेव माणूस त्याने ग्रुपमधून घालवला होता. ते त्याने जसेच्या तसे भांडग्यांना सांगितले. भांडग्यांनी वही हातात घेतली. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे नाही ना गेली?"

"नाही. तुमच्यामुळे नाही."

भांडग्यांनी डोळे पुसले. इतके दिवस तो माणूस स्वतःला दोष देत बसला होता, हे हृषीकेशला तेव्हा कळले.

निघताना त्याने ग्रुपवर परत यायची विनंती केली. भांडगे हसले. "राग नाही हो, सर. पण तिथं लिहायला आता हात धजणार नाही. तुम्ही वहीचे फोटो मात्र घेऊन जा. कुणाच्या उपयोगी पडले तर बरंच."

नानांनी नंतर विचारले, "येतायत का ते परत?"

"नाही म्हणाले."

"तू आग्रह केलास?"

"नाही, नाना. तो करायचा अधिकार मला उरला नव्हता."

नानांनी मान डोलावली.

समोर नसलेल्या, चेहरा न दिसणाऱ्या माणसाचा अडाणी प्रश्न आपल्यापर्यंत येतो, तेव्हा उत्तर लिहिण्याआधी त्याला निदान एक प्रश्न आपणही विचारावा.